इन्स्टाग्राम आवरायचे आहे: टायमर बरा की अ‍ॅप काढलेले बरे?

सोशल मीडियामुळे झोपेचे, डोळ्यांचे आणि मन लागण्याचे काय होते ते वाचणाऱ्याला ठाऊकच असणार. ज्यांचे 'आता काहीतरी करायलाच हवे' इथपर्यंत ठरले आहे, पण नेमके काय करायचे इथे गाडी अडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रस्ते दोन. अ‍ॅप ठेवून त्याला रोजची वेळमर्यादा लावायची, किंवा मोबाइलमधून अ‍ॅप काढून खाते फक्त संगणकावर उघडायचे. खाते कायमचे बंद करणे ज्यांना जमते, त्यांना कुणाच्या सल्ल्याची गरज पडत नाही.

मी दोन्ही करून पाहिले आहे. गोव्यात फोंड्याहून पणजीला रोज कदंबच्या बसने जा-ये असते आणि गावच्या उत्सवी नाटकात दर वर्षी भूमिका असते. नाटकाचे मुद्दाम सांगतो, कारण माझे मोजमाप तेच आहे: संवाद पाठ होतात की नाही. बसमध्ये खिडकीशी बसून वहीतले दोन प्रवेश घोकून व्हायचे. मग रील्स आल्या आणि वही पिशवीतच राहू लागली.

मुळात यात आपल्या आळसाचा भाग कमी आणि त्यांच्या कसबाचा जास्त आहे. 2006 साली एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने न संपणारे स्क्रोल तयार केले आणि पुढे त्याबद्दल स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. पानाला शेवट असला की हात आपोआप थांबतो. इथे तो शेवटच काढून टाकलेला आहे. दुसरा भाग तुलनेचा. चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळाफुलांचे छत, बांधली की पूर्वी ती वाड्यावरच्या चार घरांतल्या माटोळ्यांशी ताडून बघायची. आता सत्तरीपासून काणकोणापर्यंतच्या सगळ्या माटोळ्या आरतीच्या आधीच आपल्या हातात येतात, त्याही निवडक, उत्तम प्रकाशात टिपलेल्या. आपल्याकडची सुपारी आणि नारळ मग उगाच बिचारे वाटू लागतात. माझ्या वयाला हे हसण्यावारी नेता येते. पंधरा वर्षांच्या मुलीला ते स्वतःच्या चेहऱ्याबद्दल वाटत असते. 2021 मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी इन्स्टाग्रामची मालक असलेल्या त्या कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली, त्यात कंपनीच्या स्वतःच्याच पाहणीत हे नोंदलेले होते.

आता टायमर. त्याच्या बाजूने बोलायला बरेच आहे. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत 2018 पासून ही सोय आहे, पैसे पडत नाहीत, काही सोडावे लागत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 143 विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज 10 मिनिटे, एवढीच मर्यादा तीन आठवडे पाळणाऱ्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झालेली दिसली. म्हणजे टायमर पाळला तर गुण येतो, यात शंका नाही. मर्यादा फोनच्या सेटिंगमधून लावा, 'वेळ झाली' अशी आठवण देणाऱ्या इन्स्टाग्रामच्या आतल्या सोयीवर विसंबू नका. ती नुसती आठवण असते. शिवाय 2022 मध्ये कंपनीने तिथली किमान मर्यादा 10 मिनिटांवरून 30 वर नेली होती, यावरून काय ते समजा.

मर्यादा संपल्यावर 'आणखी 15 मिनिटे' असे बटण येते आणि आपण ते दाबतो, ही तक्रार सगळेच करतात. मला त्याचा एवढा त्रास झाला नाही. माझे बिनसले ते भलत्याच जागी.

आमच्या नाटकाचा ग्रुप तरुण मुलांनी इन्स्टाग्रामवर काढला आहे. व्हॉट्सअ‍ॅप म्हणे म्हाताऱ्यांचे. तालीम किती वाजता, देवळाच्या मंडपात की शाळेच्या हॉलमध्ये, पेटीवाला येणार की नाही, हे सगळे तिथे कळते. काम अर्ध्या मिनिटाचे. पण अ‍ॅप उघडले की समोर निरोप येत नाही, फीड, म्हणजे इतरांच्या फोटो-रील्सची रांग येते, आणि काहीतरी आधीच हलायला लागलेले असते. दूध आणायला निघालेल्या माणसाला दर वेळी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातूनच जायला लावावे, तसला प्रकार. फक्त निरोपांची नोटिफिकेशन्स चालू ठेवून बघितली. निरोपावर थेट पोचलो, पण वाचून मागे आलो की पुन्हा बाजार. टायमर यात काहीच करू शकत नाही, कारण तो मिनिटे मोजतो, वाट बदलत नाही. वीस मिनिटांची मर्यादा असली तर ती वीस मिनिटे मी तालमीची वेळ बघण्याच्या निमित्ताने, तुकड्यातुकड्यांत, दिवसभर पसरून संपवत असे. हिशेबाने मी शिस्तीतच होतो. पाठांतर मात्र होते तिथेच.

संगणकावर हा प्रश्न मिटतो. ब्राउझरमध्ये निरोपांच्या पानाची खूण करून ठेवायची आणि तिथेच थेट उघडायचे. फीड वाटेत येतच नाही. मनात आणले तर तेही बघता येते, पण टेबलाशी बसून, दोन हात अडकवून रील्स बघण्यात मजा नसते हे लवकर कळते. गेल्या उत्सवाला मला माझे संवाद नेहमीपेक्षा कितीतरी आधी पाठ झाले. भूमिका जरा लहान होती हेही खरे, तेव्हा याला पुरावा म्हणू नका.

तोटे आहेतच. तालमीची वेळ आयत्या वेळी बदलली की मला कळत नाही, त्यामुळे एका मुलाला फोन करायला सांगून ठेवले आहे. तो करतो, कुरकुरत. बातम्याही कमी कळतात. 2018 च्या अमेरिकी निवडणुकीआधी काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावून संशोधकांनी हेच पाहिले: रोजचा सुमारे तासभर मोकळा झाला, मन थोडे बरे झाले, पण राजकीय बातम्यांची माहिती घटली. गोव्यात सकाळचे मराठी वर्तमानपत्र अजून घरी येते आणि कोण गेले ते त्यात छापून येते, म्हणून मला ही उणीव फारशी जाणवली नाही. ज्यांच्याकडे पेपर बंद झाला आहे त्यांनी विचार करावा.

बटणांच्या साध्या फोनचे कौतुक बरेच ऐकतो. यूपीआय आणि बँकेची कामे मोबाइलवर आल्यानंतर तो मला झेपणारा नाही. व्हॉट्सअ‍ॅपही मी ठेवले आहे. फॉरवर्डचा उपद्रव आहे, पण 2018 पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येते, आणि निदान उघडल्याबरोबर समोर निरोपच दिसतात.

टायमर कुणी निवडावा? ज्याचा धंदाच इन्स्टाग्रामवर आहे त्याने. होमस्टे चालवणारी, घरी मसाले करून विकणारी, लग्नाचे फोटो काढणारा, यांना गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. त्यांना संगणकापर्यंत थांबा म्हणणे बरे दिसत नाही. बाकी पगारदार माणसाला, आणि ज्याला काहीतरी वाचायचे किंवा पाठ करायचे आहे त्याला, मी तरी अ‍ॅप काढायलाच सुचवीन. शाळकरी मुलांना यातले काहीच आपोआप लागू होत नाही. ऑस्ट्रेलियाने 16 वर्षांखालच्यांना खातेच नको असा कायदा केला, तो डिसेंबर 2025 पासून लागू झाला. आणि झोप पार उडाली असेल, मन सतत खाली जात असेल, तर टायमर आणि अ‍ॅपच्या पलीकडचे काम आहे. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक त्यासाठी आहे.

अ‍ॅप काढायचे ठरलेच तर आधी पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, तो मोबाइलमध्येच साठवलेला असतो. संगणकावर तो साठवू नका. दर वेळी टाइप करायचा कंटाळा इथे आपल्या उपयोगी पडतो. आणि मोबाइलच्या ब्राउझरमधूनही लॉग आउट करा, नाहीतर मागचे दार उघडेच राहते.