सुरगाण्याचा जांभूळ मध: चव उत्तम, लेबल मात्र बदलायला हवे

सुरगाणा तालुक्यातील एका महिला बचत गटाचा मध नाशिकमध्ये दोन ठिकाणी मिळतो: डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर भरणाऱ्या प्रदर्शनांत आणि एरवी पंचवटीतील काष्ठौषधींच्या एका दुकानात. जांभूळ मध आणि रानमध असे त्याचे दोन प्रकार असून अर्ध्या किलोच्या काचेच्या बाटलीला अनुक्रमे 400 आणि 350 रुपये पडतात. दोन्ही आमच्या घरी नेहमीच्या वापरात आहेत, पण दोन्हींबद्दल माझे मत सारखे नाही.

जांभूळ मध आवर्जून घ्यावा असा आहे. रंग गडद तपकिरी, उजेडात धरला तर तांबूस झाक दिसते. चमचा तिरका केला की धार न तुटता खाली येते आणि बशीत पडल्यावर क्षणभर घडीवर घडी रचून मगच पसरते. जिभेवर आधी गोडी, मागोमाग तुरटपणा आणि अगदी शेवटी हलकासा कडवटपणा जाणवतो, आणि हा कडवटपणाच त्याला साखरेच्या पाकापासून वेगळे करतो. जांभळाची झाडे उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलत असल्याने हा मध पावसाआधीच्या कोरड्या हवेत निघतो, शिवाय सातेरी माश्यांच्या पेट्यांतील चौकटी मधयंत्रात फिरवून काढलेला असल्यामुळे त्यात पोळ्याचा रस किंवा मेणाचा चुरा उतरत नाही.

रानमधाचे तसे नाही. तो आग्या माश्यांची पोळी पिळून काढलेला असतो आणि आम्हाला मिळालेल्या बाटलीच्या गळ्याशी फेसाची कड जमलेली होती, झाकण उघडताना हवा सुटली आणि वास किंचित आंबूस आला. ही भेसळ नव्हे. मधातील पाणी 20 टक्क्यांहून अधिक असू नये असे आपले अन्न सुरक्षा मानक सांगते. ओलावा त्याच्या वर गेला की मधातले यीस्ट वाढू लागते आणि मध आंबतो. बाटल्या भरण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटरवर थेंबभर मध ठेवून ओलावा पाहिला, तर हा दोष सहज टळेल. तोपर्यंत रानमध घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भेसळीची शंका येणे मात्र स्वाभाविक आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत 13 ब्रँडपैकी केवळ 3 सर्व चाचण्यांत उतरले होते, आणि साखरेचे पाक नेहमीच्या चाचण्यांना चकवतील अशा रीतीने बनवले जातात हेही त्यातून पुढे आले. अशा परिस्थितीत पाण्याच्या पेल्यात थेंब सोडणे किंवा काडी मधात बुडवून पेटवणे या घरगुती परीक्षांवर विसंबण्यात अर्थ नाही. तसेच, नाशिकच्या थंडीत मध खाली बसून रवाळ झाला म्हणून विक्रेत्याशी भांडू नये. त्यातील ग्लुकोजचे स्फटिक होतात, एवढेच त्यामागचे कारण आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो.

स्वयंपाकात हा मध शक्यतो चुलीपासून दूर ठेवावा. मध तापवू नये असे चरकसंहितेत बजावलेले आहे, आणि आजचे विज्ञानही उष्णतेने मधातील एन्झाइमे व सुगंध नष्ट होतात असे सांगते. म्हणून राजगिऱ्याच्या लाडवांना गूळच योग्य. जांभूळ मधाची खरी गंमत नागलीच्या भाकरीवर लोण्यासोबत, घट्ट दह्यात काळ्या मनुकांबरोबर किंवा लिंबाच्या सरबतात कळते. पंचामृतात त्याचा तुरटपणा दुधा-दह्याला छान पेलतो, हे सत्यनारायणाच्या पूजेनंतर पाहुण्यांनीही आपणहून सांगितले. केकमध्ये घालायचाच असेल तर साखरेपेक्षा कमी घ्यावा, दूध थोडे घटवावे आणि ओव्हनची आच जरा मंद ठेवावी, कारण मधाचा केक लवकर करपतो.

औषधी उपयोगांबद्दल बोलायचे तर खोकल्यासाठी मध ही केवळ आजीबाईच्या बटव्यातली समजूत राहिलेली नाही. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने 2018 मध्ये साध्या खोकल्यावर प्रतिजैविकांआधी मध घेऊन पाहण्याचा सल्ला दिला, आणि आपल्याकडे सितोपलादी चूर्ण मधातच चाटवतात. भाजलेल्या जखमांवरील एक महत्त्वाचे काम तर महाराष्ट्रातलेच आहे: सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 104 रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायाझिन हे भाजल्यावर लावायचे नेहमीचे औषध यांची तुलना करून मधाने जखमा लवकर भरल्याचे 1991 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत मांडले. मधातील दाट साखर जखमेतील ओल शोषून घेते, त्याची आम्लता जंतूंना मानवत नाही आणि मध पातळ झाला की त्यातील एन्झाइममुळे थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहते. तरीही हे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालचे आहेत. आज जखमांसाठी निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध वेगळा मिळतो, स्वयंपाकघरातली बाटली भाजलेल्या जागेवर ओतू नये.

माझा खरा आक्षेप लेबलावर आहे. ‘मधुमेहींसाठी उपयुक्त’ हे शब्द त्यावर ठळक छापलेले आहेत, ते काढून टाकायला हवेत. जांभळाच्या बियांची कीर्ती जांभळाच्या फुलांवरून गोळा झालेल्या मधाला लागू होत नाही. कोणत्याही मधात सुमारे 80 टक्के साखरच असते, आणि ज्याची रक्तशर्करा आधीच वाढलेली आहे अशा माणसाने लेबलावर विश्वास ठेवून रोज दोन चमचे घेतले तर त्याचे नुकसान होईल. याउलट जी सूचना हवी ती कुठेच नाही: एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, आणि आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत जन्मल्याबरोबर बाळाच्या जिभेला मध लावतात, गुटीही मधात उगाळतात. बाळंतिणीसाठी म्हणून मध मागणाऱ्याला दुकानदारानेही हे तोंडी सांगावे.

बचत गटातील महिलांशी प्रदर्शनात बोलताना हे दोन्ही मुद्दे मी मांडले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या छपाईत बदल करू असे सांगितले. बाटलीवर काढणीचा महिनाही छापावा, ही माझी आणखी एक विनंती आहे. तोवर खरेदी करताना उन्हाळ्यात काढलेलाच जांभूळ मध मागून घ्यावा.