दाढ माझी, एक्स-रे भलत्याचाच

सकाळी ब्रश करताना उजव्या खालच्या जबड्यात अशी कळ गेली की ब्रश हातातून बेसिनमध्ये पडला. चार-पाच सेकंद, आणि मग काहीच नाही. आठवड्याभरात फोंड्याहून पणजीला जाताना बाणस्तारीच्या पुलावर खारा वारा गालाला लागला आणि तीच कळ आली. स्कूटर कशीबशी कडेला घेतली. पुढे पुढे दाढी करणंही नको वाटू लागलं, उजवा गाल तसाच राहायचा.

दात दुखतोय म्हणून मी एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि मुळाखालची काळी सावली दाखवली. "आतून सडलंय, रूट कॅनल आजच सुरू करू." घरी दाखवायला म्हणून मी त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला. प्रत मागितली, तेव्हा "नंतर देऊ" म्हणाले. ती कधीच मिळाली नाही.

रूट कॅनल झालं, कॅप बसली, कळ तशीच. मग इन्फेक्शन शेजारच्या दाढेत गेल्याचं सांगून दुसरं रूट कॅनल केलं. तरी कळ थांबली नाही म्हणून पहिलीच दाढ उपटली आणि तिच्या जागी इम्प्लांटसाठी आगाऊ पैसे घेतले. चार महिन्यांत 60 हजारांच्या वर गेले. दर वेळी मी खुर्चीत आ वासून बसलो, कारण दुखत होतं आणि समोरचा माणूस शिकलेला होता.

वहिनी नर्स आहेत. त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं आणि बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात पाठवलं. केसपेपर काढून तासभर बसावं लागलं, पण तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी तोंडात बघितलंच नाही, नुसतं विचारत राहिल्या. कळ किती वेळ टिकते? रात्री झोपेतून उठवते का? कशाने सुरू होते? मधल्या वेळात ठणका असतो का? मग एकेक दात ठोकून पाहिला, थंड लावून पाहिलं, जबड्याचे स्नायू दाबले, सांध्यावर बोट ठेवून तोंड उघडमीट करायला लावलं आणि पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. रात्री दात खाल्ले, दाढेला बारीक चीर गेली, वरच्या दाढांवर सायनस भरला, तरी दात दुखल्यासारखंच वाटतं, असं त्या म्हणाल्या. चालताना-चढताना जबडा दुखत असेल आणि आपण थांबल्यावर दुखणं कमी होत असेल तर आधी हृदय तपासायचं, हेही त्यांनीच सांगितलं.

मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा केला आणि विचारलं, "अक्कलदाढ कधी काढलीत?" खालच्या दोन्ही मी 2009 मध्येच काढल्या होत्या. फोटोत मागे अक्कलदाढ ठसठशीत उभी होती! तो जबडा माझा नव्हताच. माझे हातपाय गार पडले.

मला झालेला आजार ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नर्व्हला तीन फांद्या असतात, खालची फांदी जबड्याला आणि खालच्या दातांना जाते. बिघाड नर्व्हच्या मुळाशी, कळ मात्र दातात. शेजारच्या गोवा मेडिकल कॉलेजात एमआरआय झाला, त्यात एक रक्तवाहिनी नर्व्हला टेकलेली दिसली. नर्व्हची कळ शमवणाऱ्या कार्बामाझेपिनच्या गोळ्या सुरू केल्या, मात्रा हळूहळू वाढवत. आठवडाभरात मी पूर्ण दाढी केली. या गोळ्यांनी चक्कर येते, रक्तातलं सोडियम तपासावं लागतं, अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टर गाठायचा, आणि मनाने बंद करायच्या नाहीत.

तुम्हाला अशी क्षणभराची, विजेसारखी कळ येत असेल, तर दाढ काढू देण्याआधी हीच दाढ दुखतेय हे कशावरून, ते विचारा. एक्स-रेवर आपलं नाव आणि तारीख आहे का ते बघा, प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका, पक्कं बिल घ्या. ग्राहक आयोगात तक्रार करायला 2 वर्षांची मुदत असते. मी तयारी केली आहे. दोन पावत्या कच्च्या चिठ्ठीवरच्या आहेत, त्यांचं काय होईल ते बघायचं. तो फोटो मात्र मी तीन ठिकाणी जपून ठेवला आहे.