पद्मिनीची फायरवॉल कापून घ्यायची असेल तर: भोसरीतलं एक वर्कशॉप

आधी निकाल सांगते. पत्र्याच्या कामाला पाचपैकी पाच, वायरिंगला दोन, वेळ पाळण्याला शून्य. तरीही पुढची गाडी मी यांच्याकडेच नेईन.

वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत, एका गिअर कटिंगवाल्याच्या मागच्या शेडमध्ये आहे. बाहेर पाटी नाही. पुण्यात पाटी नसलेलं दुकान म्हणजे एक तर कालच उघडलेलं, नाही तर पाटीची गरज संपलेलं. हे दुसऱ्या प्रकारातलं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. नाव आणि पत्ता लिहू नका असं त्यांनी स्वतःच बजावलंय, कारण हातातली कामंच उरकत नाहीत. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या कुणालाही विचारा, तो नेऊन सोडेल.

गाडी माझ्या भावाची, प्रीमियर पद्मिनी. तिची हॉट रॉड करायची, म्हणजे जुन्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन बसवायचं, हा भाच्याचा हट्ट. मूळ इंजिन 1089 सीसीचं. त्या जागी त्याला कॉन्टेसा गाडीतलं इसुझूचं 1817 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स बसवायचा होता. दोन्ही गाड्यांत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, ताकद मागच्या चाकांना, म्हणजे जमण्यासारखं काम. कागदावर जमत होतं. प्रत्यक्षात इंजिन चेन कप्पीला लटकवून खाली सोडलं, तेव्हा पुढे रेडिएटर आणि मागे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत, यांच्यात इंजिनचं हेड (वरचा भाग) अडकून बसलं.

आधी एका दुसऱ्या गॅरेजला दाखवलं होतं. तिथला मिस्त्री म्हणाला, "ताई, दोन तासांचं काम. घण मारून पत्रा आत ढकलतो, जिथे ढकलला जाणार नाही तिथे कापतो." आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये मशिन ड्रॉइंग शिकवलेल्या बाईला हे सांगू नये. मी गाडी परत आणली.

अमेरिकेतल्या हॉट रॉडच्या व्हिडिओंमध्ये हे सगळं फार सोपं दिसतं, आणि भाच्याच्या डोक्यात तेच होतं. त्यांची लाडकी 1932ची फोर्ड वेगळ्या चासीवर उभी असते. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं चासीला, आणि बॉडी वरून बोल्टने बसवलेली. 1955 मध्ये आलेल्या शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) इंजिनच्या मागच्या टोकाला असतो, तो नेमका फायरवॉलला भिडतो. म्हणून आतल्या बाजूला खोलगट केलेल्या फायरवॉल तिकडे तयार विकत मिळतात. जुनी काढायची, नवी जोडायची.

पद्मिनीला चासीच नाही. ती मुळात फियाट 1100, मोनोकॉक बॉडीची, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणजे जो पत्रा आपण कापायला निघालो, तोच दोन्ही बाजूंचे पुढचे खांब एकमेकांना धरून ठेवतो, वरून काचेखालचा भाग पेलतो आणि खाली फ्लोअरला जाऊन मिळतो. मध्येच भलंमोठं भोक पाडलं तर पुढचा सगळा भाग ढिला पडतो. दारं लागेनाशी झाली की कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

अण्णांना मी हे समजावून सांगायला गेले, तर ते म्हणाले, "मॅडम, ते राहू द्या. गाडीचे कागद दाखवा आधी."

इथेच मला हा माणूस पटला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, आरसीवरच्या तपशिलाशी आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. 2019च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडी मुळशीकडच्या आमच्या स्वतःच्या शेतातच फिरणार आणि ने-आण ट्रेलरवरून होणार, हे माझ्याकडून वदवून घेतल्यावरच अण्णांनी बॉनेट उघडलं. भाच्याला त्यांनी निराळं ऐकवलं: "डेक्कनला मिरवायचं असेल तर दुसरं गॅरेज बघ."

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी काहीच कापलं नाही. भाचा वैतागला होता. मी मात्र तिथे स्टूल टाकून बसायला लागले, कारण असं काम बघायला मिळत नाही. आधी इंजिन पुढे किती सरकेल ते पाहिलं. इंजिनवरचा पंखा काढून रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक पंखा लावला, त्यात दोन-अडीच इंच वाचले. "फुकटची जागा आधी घ्यायची, मग कापायचं," हे अण्णांचं. खालून सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) क्रॉसमेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या तुळईला, लागतो का ते बघून उंची ठरली. मग गिअरबॉक्सचा मागचा कोन आणि मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन मापला. हे दोन कोन जवळपास सारखे नसले तर त्या दोघांना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) थरथरतात आणि वेगात अख्खी गाडी गुणगुणते. कोन मोजायला त्यांच्याकडे मोबाईल नाही, जुना स्पिरिट लेव्हलवाला प्रोट्रॅक्टर आहे. मी माझ्या पद्धतीने त्रिकोणमिती करून पाहिली, आकडा तोच आला. अण्णांना त्याचं काही विशेष वाटलं नाही.

मग पुठ्ठा. मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून हेडच्या मागे बसवायचे, चिकटपट्टीने जोडायचे, पुन्हा कापायचे. पुठ्ठ्याचा खोलगा मनासारखा झाल्यावर मार्किंग. कापण्याआधी दोन्ही खांबांमध्ये आतून अँगलचा आडवा दांडा वेल्ड केला आणि दारं उघडझाप करून फटी मापून ठेवल्या.

कापलं ते फक्त मधलं. पेडलं आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरकडच्या पत्र्याला हात लावू दिला नाही. नवा खोलगा 18 गेजच्या सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा, म्हणजे 1.2 मिलिमीटर. सपाट पत्रा इंजिनबरोबर डब्यासारखा वाजतो, म्हणून रोलरवर त्याला आडव्या नाळ्या पाडल्या. सीओटू वेल्डिंगने आधी लांब लांब टाके, मग एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. सलग ओढलं तर पातळ पत्रा लाटेसारखा उठतो. हे माहीत सगळ्यांना असतं, धीर थोड्यांकडे असतो.

पक्कं वेल्डिंग करण्याआधी अण्णांनी भाच्याला बोलावलं, हातात रिंग पाना दिला आणि बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे, वरचे दोन बोल्ट सोडायला सांगितले. एक सुटला, दुसऱ्याला पाना फिरेना. टाके तोडले, खोलगा त्या कोपऱ्यात बोटभर वाढवला, पुन्हा टाके. हेडच्या मागे सरसकट इंचभर मोकळी जागा आहे. रबराच्या माउंटिंगवर इंजिन हलतं, रेस दिली की एका अंगावर झुकतं, तेवढी लागतेच. पण बोल्टची जागा ही इंजिनासाठी नाही, पुढे कधीतरी क्लच बदलायला बसणाऱ्या माणसासाठी आहे. दोन तासांवाल्याकडून हे झालं नसतं.

शेवटी जोडांना आतून-बाहेरून सीलंट. तेही नुसतं पाणी अडवायला नाही. फायरवॉलला फट राहिली तर इंजिनकडचा धूर आणि पेट्रोलचा वास केबिनमध्ये येतो, आणि आग लागलीच तर तिलाही वाट मिळते. दांडा काढून दारांच्या फटी पुन्हा मापल्या. जशाच्या तशा.

आता तक्रारी. आतून त्यांनी डांबरी पॅड चिकटवले होते. एग्झॉस्ट मॅनिफोल्ड जवळ आल्यामुळे ते गरम होऊन वास मारायला लागले आणि एका कोपऱ्यात ओघळले. सांगितल्यावर काढून सिरॅमिक वूल आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा लावून दिला, पैसे न घेता, पण हे आधीच सुचायला हवं होतं. डावीकडे बसणाऱ्याच्या उजव्या पायाला आता जागा नाही. माझ्या मापाच्या बाईला चालेल, सहा फुटी माणूस कुरकुर करेल. मूळ गिअर स्टिअरिंगवर होता, आता लिव्हर फ्लोअरवर आली, आणि दुसरा गिअर टाकला की ती समोरच्या अखंड सीटला टेकते. सीट कापायची की लिव्हर वाकवायची यावर घरात अजून एकमत नाही.

वायरिंग मात्र यांच्याकडे करू नका. एका पोराने फायरवॉलच्या भोकातून वायरी रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारं कडं) न घालताच ओढल्या होत्या. पत्र्याच्या धारेवर वायर घासून शॉर्ट व्हायला किती वेळ लागतो? मी जुन्या बाजारातून ग्रोमेट आणून दिले आणि बाकीचं काम नाना पेठेतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेलं.

पत्रा, वेल्डिंग, माउंटिंग आणि प्रायमर मिळून अडतीस हजार झाले. शाफ्ट कापून बॅलन्स करायचे वेगळे. लेखी एस्टिमेट मिळत नाही. मागितलं तर अण्णा पुठ्ठ्याच्या मागे आकडा लिहून देतात, आणि तो शेवटपर्यंत बदलत नाही. सांगितलेल्या तारखेचं तसं नाही. ती दर वेळी बदलते.

आणि हे ब्रेकचं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तेही मूळ लहान इंजिनाच्या हिशोबाचे. पुढच्या ब्रेकचं काय करणार, हे ठरल्याशिवाय अण्णा नवं इंजिन सुरू करू देत नाहीत. त्याचं बजेट आधीच बाजूला काढा, नाहीतर गाडी शेडमध्ये उभी राहील आणि तुम्ही अण्णांना शिव्या द्याल.

जायचं तर सकाळी अकराच्या आत. गुरुवारी भोसरीत सुट्टी असते. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच न्या, सुटं इंजिन बघून ते माप घेत नाहीत.