बायको एचआयव्ही पॉझिटिव्ह, नवरा निगेटिव्ह: मूल हवं असेल तर कोणता मार्ग?

दवाखान्यात गर्भधारणा केली की बाळ सुरक्षित राहतं, असं अनेक जोडप्यांना वाटतं. तसं नाही. बाळाला लागण होते ती पोटात असताना, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून, आणि ती ठरते आईच्या व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावर. वीर्य आत कसं पोहोचलं यावर नाही. मार्गानुसार बदलतो तो नवऱ्याचा धोका, खर्च आणि दिवस राहण्याची शक्यता.

रोज एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेऊन बायकोच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला असेल, तर शरीरसंबंधातून नवऱ्याला लागण होत नाही. अशा जोडप्याला आम्ही नैसर्गिक मार्गच सुचवू. तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा असा रिपोर्ट आला की मगच निरोध थांबवावा. ‘सीडी-४ चांगला आहे’ म्हणून निरोध सोडणं ही मोठी चूक. सीडी-४ प्रतिकारशक्ती सांगतो, विषाणूचं प्रमाण नाही.

रिपोर्ट चांगला असूनही नवऱ्याची धास्ती जात नसेल, तर घरी सिरिंज वापरता येते. वीर्य कोरड्या, स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीत घ्यायचं, सुई नसलेल्या ५ किंवा १० मिलीच्या नव्या सिरिंजमध्ये ओढायचं, हवा काढून टाकायची आणि तासाभराच्या आत योनीत हळूहळू सोडायचं. तेल, थुंकी किंवा शुक्राणूनाशक लावलेला निरोध वापरला तर शुक्राणू मरतात. बहुतेकदा चुकतात ते दिवस. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. २८ दिवसांची पाळी असेल तर ११ ते १५ या दिवसांत एक दिवसाआड प्रयत्न करा. ३२ दिवसांची असेल तर ४ दिवस पुढे मोजा. मात्र लोड जास्त असताना सिरिंज नवऱ्याला वाचवेल, बाळाला नाही. तेव्हा लोड उतरेपर्यंत थांबा.

आययूआयमध्ये धुतलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात. शुक्राणू कमी असतील, किंवा वर्षभर (पस्तिशीनंतर सहा महिने) प्रयत्न करूनही दिवस राहिले नसतील, तरच हा खर्च करावा. त्यासाठी निदान एक गर्भनलिका मोकळी हवी. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं २०१७च्या कायद्याने बेकायदा आहे.

दिवस राहिल्यावर लोड पुन्हा चढतो तो बहुतेकदा गोळ्या चुकल्यामुळे. आणखी एक कारण फारसं कुणी सांगत नाही: गरोदरपणात मिळणाऱ्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या रिकाम्या पोटी एआरटीबरोबर घेतल्या तर एआरटीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध नीट अंगी लागत नाही. एआरटीची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. ते जमत नसेल तर सगळ्या गोळ्या भरल्या पोटी, जेवणाबरोबरच घ्या.