सात हजारांच्या लोनपायी अख्खा फोन गेला

हातात आले ११,३४० रुपये. भरले ३७,१००. निव्वळ २५,७६० रुपये गेले. ते मी डबे विकून आज ना उद्या भरून काढीन. पण माझ्या फोनमधली सहाशेच्या वर नावं आणि नंबर लोन ॲपवाल्या चोरांकडे गेले, ते कधीच परत येणार नाहीत. लिहायला बसले ते त्यासाठी.

झटपट लोनवाल्या ॲपचा धंदा कसा चालतो हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. २०२० मध्ये तेलंगणात लोकांनी यापायी जीव दिले, हैदराबादला पोलिसांनी धरपकड केली, हे सगळं बातम्यांत बघितलं होतं. तरी मी अडकले, तेव्हा "आम्ही नाही असल्या भानगडीत पडत" असं कुणी म्हणू नका.

माझी घरगुती मेस आहे. कॉलेजची मुलं आणि एमआयडीसीत कामाला असलेली माणसं, असे डबे जातात. महिनाअखेरीला किराणावाल्याची उधारी आणि दोन कमर्शियल सिलिंडर एकदम अंगावर आले. मेसचे पैसे जमतात पाच तारखेपर्यंत. बचत गटाचं कर्ज आधीच चालू, दुसरं मिळत नाही. बँकेत गेलं की इन्कम टॅक्सचं रिटर्न दाखवा म्हणतात, ते मेसवालीनं कुठून आणायचं? आठवडाभर ओढायचं होतं, इतकीच गरज होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर ज्यानं त्यानं, अगदी पोलिसांनीसुद्धा, पहिला प्रश्न "घेतलंच कशाला?" हाच केला.

मोबाइलवर व्हिडिओ बघताना जाहिरात आली. आधार-पॅनवर १२,००० रुपये, मुदत ९१ ते १८० दिवस. बोट लावलं तर हुबेहूब प्ले स्टोअरसारखं पान उघडलं. तेच रंग, तसेच स्टार, खाली मराठीत लोकांचे अभिप्राय. इन्स्टॉल दाबलं. फोननं एकदा विचारलं, या स्रोतावरून ॲप घेऊ द्यायचं का? खऱ्या प्ले स्टोअरवरून घेताना फोन हे कधीच विचारत नाही. ही गोष्ट मला आज कळते. गूगलनं ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या पर्सनल लोनच्या ॲपना लोकांचे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायला बंदी केलीय, म्हणून हे लोक आता नकली पान बनवून बाहेरून फाइल देतात. असा प्रश्न फोननं विचारला की तिथेच परत फिरा.

आणि मग ती चौकट आली. "कॉन्टॅक्ट पाहण्याची परवानगी द्यायची का?" मी आधी नाही म्हटलं होतं. हो, नाही म्हटलं होतं! ॲप पुढे जाईना. परत तेच पान, परत तीच चौकट. मला लोन द्यायला तुला माझ्या सासूबाईंचा नंबर कशाला हवा, हा प्रश्न तेव्हा मनात येऊन गेला. अगदी याच शब्दांत आला. आणि तो मी बाजूला सारला, कारण व्हॉट्सॲप मागतं, पैसे पाठवायचं ॲप मागतं, सगळेच मागतात. दहा वर्षं आपल्या बोटांना परवानगी द्यायचं वळण या कंपन्यांनीच लावलंय. किराणावाल्याचा पोरगा दारात उभा होता. दिली परवानगी. लगेच फोटोंची, मेसेजची आणि कॅमेऱ्याची चौकट आली, तीही दिली. आधारचा फोटो, पॅनचा फोटो, तोंड फिरवून सेल्फी.

तो प्रश्न आठवला की अजून रात्री झोप उडते. त्याचं उत्तर एकच होतं. कर्ज देणाऱ्याला तुमच्या फोनबुकशी काहीएक घेणंदेणं नसतं, वसुलीच्या गुंडाला असतं. रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं, नंतरच्या नियमांतही ते कायम आहे. लोन ॲपनं फोनमधले फोटो, फाइली, कॉन्टॅक्ट, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता एकदाच कॅमेरा, माइक किंवा लोकेशन, तेही तुमच्या संमतीनं. कॉन्टॅक्ट मागितले की ते ॲप बेकायदा, पुढचं काही वाचायचीसुद्धा गरज नाही.

खात्यात आले ७,१४० रुपये. बाकीचे ४,८६० "प्रोसेसिंग फी". आणि ९१ दिवसांची मुदत कुठे गेली तर ॲपमध्ये सात दिवसांनंतरची तारीख, भरायचे पूर्ण १२,०००. पैसे पाठवणाऱ्याचं नाव ॲपच्या नावाशी जुळत नव्हतं. कुठल्या तरी ट्रेडर्सचं होतं. तेव्हाही खटकलं, पण तोवर पैसे किराण्यात गेले होते.

मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळीच फोन सुरू. "मॅडम, आज बारा बजे तक पेमेंट चाहिए." मुदत उद्याची आहे म्हटलं तर शिव्या. त्या दिवशी ३,६०० भरून मुदत वाढवली. ते मुदलातून वजा होतील असं वाटलं, झाले नाहीत. पुढच्या आठवड्यात मेसचे पैसे जमल्यावर पुरते १२,००० भरले. यूपीआय आयडी दर वेळी नवा, कधी मोबाइल दुरुस्तीचं दुकान, कधी कुणा तरी बाईचं नाव. सांगून ठेवते, खऱ्या कर्जाचा हप्ता कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्याच खात्यात जातो, अशा भलत्या माणसाच्या आयडीवर कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी न मागता खात्यात ४,२०० रुपये आले. भरायचे ७,०००. मी म्हटलं, मला नकोत, परत घ्या. त्यावर माझाच सेल्फीतला चेहरा भलत्याच उघड्या शरीरावर चिकटवून मला पाठवला. खाली पाच नंबरांची यादी. सासूबाई, मोठे भाऊजी, जाऊबाई, माहेर वहिनी, कॉलेज वॉर्डन सर. फोनमध्ये मी नावं अशीच नात्यानं लिहून ठेवली होती, आपण सगळेच ठेवतो. कुणाला फोटो गेला की ही बाई मोडेल, हे त्यांना माझ्याच फोनबुकनं सांगितलं. आज घरातल्या प्रत्येकाचं नाव मी साध्या नावानं लिहिलंय. तुम्हीही लिहा.

७,००० भरले. मग "खातं बंद करून फोटो डिलीट करायचे" म्हणून १४,५०० मागितले. नणंदेकडून उसने घेऊन तेही भरले. फोटो तरीही पाठवलाच. मोठ्या भाऊजींना गेला, मेसच्या मुलांना गेला. सोबत मेसेज, "ही बाई फ्रॉड आहे, तुम्हाला जामीन ठेवलंय, पैसे तुम्ही भरा." एक मुलगा रात्री दारात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "काकू, तुमच्या नावानं काहीतरी आलंय, मी उघडलं नाही." त्या लेकरानं माझी लाज राखली. सगळ्यांनी नाही राखली. काही डबे दुसऱ्याच दिवशी बंद झाले.

म्हणून सांगते, एक रुपयाही भरायच्या आधी स्वतःच सगळ्यांना कळवा. स्टेटसला टाका, ग्रुपवर टाका की माझा फोन लोन ॲपवाल्यांनी लुटलाय, घाणेरडा फोटो येईल तो बनावट आहे, पैसे देऊ नका, नंबर ब्लॉक करा. मी हे सगळं झाल्यावर केलं आणि फोन निम्म्यावर आले. आधी केलं असतं तर १४,५०० तरी वाचले असते. त्यांचं सगळं बळ आपल्या गप्प राहण्यावर आहे.

आता व्यवस्थेबद्दल.

बँकेत गेले. साहेब म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, याला फसवणूक म्हणता येत नाही." बरं, मग ज्या खात्यांत गेले ती कुणाची आहेत ते तरी सांगा. तर म्हणे, "ती माहिती गोपनीय असते." त्या चोराचं नाव गोपनीय! माझं आधार, माझा चेहरा, माझ्या सासूचा नंबर बाजारात फिरतोय, आणि ज्यानं तो फिरवला त्याची गोपनीयता सांभाळायला अख्खी बँक उभी!

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, लोन घेतलं होतं ना? मग हा पैशाचा व्यवहार झाला." फोटो दाखवा म्हणाले. दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन शेजारच्याला दाखवला. ते दोघं बघत असताना मी समोर उभी होते. त्या वेळी काय वाटलं ते लिहिता येत नाही. मग एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद, लिहून देतो म्हणाले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणे पैसे पुढच्या खात्यांत गेलेत, तक्रार क्रमांक घ्या. सायबरवाले म्हणाले, रक्कम कमी आहे, स्थानिक ठाण्यात जा. ठाण्यातले म्हणाले, हे सायबरचं काम. अशी या दारातून त्या दारात, डब्यांची वेळ सांभाळून.

नंतर ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा डोकं आणखी फिरलं. धमकी देऊन पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे, दखलपात्र गुन्हा. त्यात एनसी लागतच नाही, एफआयआर घ्यावाच लागतो. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे पोलीस निरीक्षक हा तपास करू शकतो, म्हणजे साध्या ठाण्यातही तो होतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ठाण्यानं नाकारलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करायचा, तिथंही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. हे सगळं ज्यांच्या नोकरीचा भाग आहे त्यांनी मला सांगायला नको? रिझर्व्ह बँकेनं असल्या ॲपबद्दल पहिला इशारा २३ डिसेंबर २०२० ला दिला. इतक्या वर्षांत तो ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचू नये?

तुमच्यावर वेळ आली तर पैसे गेल्या गेल्या १९३० लावा, त्यात उशीर झाला की पैसा हाताबाहेर जातो. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर महिलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, फोटोची तक्रार तिथे टाका. ॲप चिडून लगेच काढून टाकू नका. आधी त्यातलं कर्जाचं पान, मुदत, आयडी, धमक्या यांचे स्क्रीनशॉट घ्या, दुसऱ्या फोनवर पाठवा, मगच काढा. परवानगी नंतर बंद करून उपयोग नाही, यादी पहिल्याच मिनिटाला उचललेली असते. फोटोंची परवानगी द्यायचीच असेल तर अँड्रॉइड १४ पासून निवडक फोटोच देता येतात. गॅलरीतले आधार-पॅनचे फोटो काढून टाका, लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा. पॅन गेलंय म्हणजे तुमच्या नावावर आणखी कर्ज निघू शकतं, म्हणून क्रेडिट रिपोर्ट काढून बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवरही ॲपची तक्रार होते. आणि न मागता पैसे आले तर ते खर्च करू नका, त्याच दिवशी बँकेला लेखी द्या. पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुणी ओळखत नाही.

अधीक्षकांकडचा अर्ज मी तयार केलाय. भरलेल्या रकमांचे सगळे यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा वेगळा नंबर, त्यात आहेत. माझ्या ओळखीत ज्यांना ज्यांना तो फोटो किंवा जामिनाचा मेसेज आला असेल त्यांनी संकोच करू नका. पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट मला पाठवा आणि मूळ मेसेज डिलीट करू नका. फोटो मला दाखवायला नको वाटत असेल तर तेवढा भाग झाका, नंबर आणि वेळ मात्र दिसू द्या. सोमवारी अर्ज द्यायचाय, रविवारपर्यंत पाठवा.