रुमाल सोडण्याआधी: विद्यापीठाच्या अभिलेखागाराला घरचे कागद देताना

पुण्यातील एका विद्यापीठाच्या अभिलेखागाराकडे आम्ही मागच्या वर्षी घरची एक पत्र्याची पेटी सोपवली, आणि आता तिची नोंदसूची वाचकांसाठी खुली झाल्यावर त्या सेवेविषयी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात असे वाटले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि तिथली माणसे मनापासून काम करणारी आहेत. माझे मत मात्र सुरुवातीलाच सांगते: कागद जगवण्याच्या बाबतीत ही सेवा उत्तम आहे, पण कागद ज्या रीतीने बांधलेले असतात ती रीतही एक नोंदच असते, हे तिथे अजून पुरते रुजलेले नाही.

आमचे मूळ घर कसब्यातल्या तांबट आळीत. आजोबा मठारकाम, म्हणजे तांब्यावर हातोडीचे ठोके देण्याचे काम, करणारे. बंब, घंगाळे आणि हंडे घडवत, आणि आळीतल्या पंचांचे लिहिण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. पेटीत सतरा रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि नऊ वह्या होत्या: कीर्द, खतावणी, तांब्याच्या वजनाच्या दोन वह्या, भिशीची एक आणि पंचांच्या बैठकांची एक. निम्म्याहून अधिक मजकूर मोडीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ही पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. खालच्या खोलीतल्या वह्या चिखलातून काढल्या तेव्हा पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या, असे आत्या सांगते. त्यानंतर साठ वर्षे पेटी डांबराच्या गोळ्या टाकून माळ्यावरच राहिली. वाड्याचे पुनर्बांधकाम ठरले, नव्या सदनिकेला माळाच नाही, आणि कुटुंबात मोडी वाचणारी एकटी आत्या उरलेली. तेव्हा निर्णय घेणे भाग पडले.

पहिल्या भेटीचा अनुभव फार चांगला होता. दूरध्वनी केल्यावर आठवड्याभरात एक तरुण अभिलेखपाल घरी आल्या. त्यांनी पेटी उघडण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे केले. मी आपली पांढरे हातमोजे बाहेर निघण्याची वाट पाहत होते. त्यांनी सांगितले की मोजे घातले की बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि जुनी पाने फाटण्याचा धोका वाढतो, त्यामुळे मोजे फक्त छायाचित्रांसाठी वापरायचे. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला अनपेक्षित होता: "काकू, या सगळ्याच्या मालक तुम्ही एकट्याच आहात का?" कीर्द-खतावणी आमच्या घरची होती. पंचांची वही मात्र आजोबांनी केवळ सांभाळलेली. ती आळीची होती. त्या वहीसाठी आळीतल्या चार ज्येष्ठांच्या सह्या घेतल्याशिवाय आम्ही ती स्वीकारणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या सह्यांसाठी मला दोन महिने फिरावे लागले, पण एखादी संस्था फुकट मिळणारी वस्तू नाकारण्याची तयारी ठेवते, तेव्हा तिच्यावर विश्वास टाकायला हरकत नसते.

दानपत्राचा छापील मसुदा मात्र ढिसाळ होता. कागद देणे आणि कागदावरील मजकुराचे हक्क देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबांना आलेली पत्रे आमच्या मालकीची, पण त्यांतल्या मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा. मसुद्यात "सर्व हक्क विद्यापीठाकडे" असे एकच ओळीचे कलम होते. जे हक्क आमच्याकडे नव्हतेच ते आम्ही देणार कुठून? शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो, म्हणजे ते ढोबळ कलम विद्यापीठाच्याही फायद्याचे नव्हते. सार्वजनिक ग्रंथालयात किंवा तत्सम संस्थेत ठेवलेला अप्रकाशित मजकूर, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे उलटल्यावर, अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने उतरवून घेण्याची मुभा कायदाच देतो. त्यामुळे एवढी घाई करण्याचे कारण नव्हते. दोन बैठकांनंतर कलम बदलले: कागद कायमचे विद्यापीठाचे, आमच्या स्वतःच्या मजकुरासाठी मुदतीसह लेखी परवानगी, आणि इतरांच्या पत्रांबाबत कायदा सांगेल ते. मसुदा घरी नेऊन वाचा. तिथल्या तिथे सही करू नका.

पंचांच्या वहीवर सगळ्यांत अधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. तिच्यात धर्मादायाची वर्गणी आहे, लग्नांतले मानपान आहेत, भट्टीच्या धुरावरून झालेली भांडणे आहेत, आणि तीन ठिकाणी घरे वाळीत टाकल्याच्या नोंदी आहेत, नावानिशी आणि कारणासह. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. ही वही त्याच्या कितीतरी आधीची, आणि अभ्यासकाला सोन्यासारखी. पण त्या घरांची नातवंडे आजही त्याच आळीत राहतात. आत्याने एका वाक्यात निकाल दिला: "ती वही जाळायची नाही आणि इतक्यात दाखवायचीही नाही, एवढं त्यांना सांग." अभिलेखागाराच्या अर्जात "खुले" आणि "बंद" असे दोनच चौकोन होते. आम्ही तिसरा मार्ग मागितला: वही तीस वर्षे बंद, सूचीत तिचे अस्तित्व नोंदलेले, आणि वाळीत टाकलेल्या घरांच्या वंशजांना मागणी केल्यास आपल्या घरापुरती पाने केव्हाही पाहण्याची मुभा. हे त्यांनी मान्य केले आणि अर्जाचा नमुनाही बदलणार असल्याचे सांगितले, याबद्दल त्यांचे कौतुक करायला हवे.

प्रत्यक्ष जतनाच्या कामात नाव ठेवायला जागा नाही. पेटी थेट कोठारात गेली नाही. आधी रुमाल हवाबंद पिशव्यांत घालून उणे वीस अंशांच्या आसपास काही दिवस गोठवले, म्हणजे कसर आणि तिची अंडी दोन्ही मरतात. डांबराच्या गोळ्यांनी जे साठ वर्षांत झाले नाही ते तिथे पंधरवड्यात झाले. गंजलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या. माझ्या वडिलांनी कधीकाळी मोठ्या प्रेमाने लावलेली चिकटपट्टी काढायला सर्वाधिक दिवस लागले, कारण पट्टी गळून पडते पण तिचा पिवळा डिंक कागदात मुरून राहतो. फाटलेल्या कडांना पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीचा आधार दिला. गंमत अशी की सर्वांत जुने कागद सर्वांत धडधाकट निघाले. ते चिंध्यांच्या लगद्याचे हातकागद होते. आमच्या आळीपासून हाकेच्या अंतरावरच्या कागदीपुऱ्यात असाच कागद बनत असे. त्यांवर काजळीची काळी शाई आहे. ती फिकी पडत नाही आणि कागदही खात नाही. गिरणीच्या लाकडी लगद्याच्या, १९४० नंतरच्या वह्या मात्र आपल्याच आम्लाने तांबूस होऊन कडांना तुटत होत्या. सगळे आता आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्यांत आहे. एक खोट दिसली: कोठारातील वातानुकूलन रविवारी बंद असते. पावसाळ्यातल्या पुण्यात आर्द्रतेचा असा आठवडी चढउतार कागदाला सततच्या थोड्या उष्म्यापेक्षाही वाईट.

आता तक्रार. आजोबा रुमाल बांधत ते गिऱ्हाइकानुसार. एका घराने बंब सांगितला की त्याचे मागणीपत्र, मापाचा कागद, तांब्याच्या वजनाची चिठ्ठी आणि पैसे चुकल्याची पावती, सगळे एकत्र गुंडाळून त्याच फडक्यात जाई. यातल्या बहुतेक चिठ्ठ्यांवर तारीख नाही. ती घालण्याची गरजच नव्हती, कारण शेजारच्या कागदावर ती होती. अभिलेखागारात कामाला लावलेल्या विद्यार्थ्यांनी सतरापैकी अकरा रुमाल सोडले, तारीख असलेले कागद कालक्रमाने लावले आणि उरलेले दोनशेहून अधिक कागद "दिनांक नाही" अशा एका पेटीत घातले. फडकी धुऊन, घडी करून, स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदली. काम नीटनेटके होते आणि त्यातच नुकसान होते. आलेल्या कागदांचा मूळ क्रम मोडू नये, हा अभिलेखशास्त्राचा पहिल्या धड्यातला नियम. पण "सुव्यवस्थित" दिसण्याचा मोह मोठा असतो.

सूचीतली एक नोंद नमुन्यादाखल देते. "हिशेबाची वही, मराठी, तांब्याचा व्यापार, अंदाजे १९५०-६०." ही वही मी लहानपणापासून पाहिलेली आहे. ती मोडीत आहे, आणि तिचे नाव व्यापार नव्हे, वजन: भट्टीत गेलेले तांबे, घडून निघालेले भांडे आणि तूट. तिच्यात रुपये-आणे-पै चालू असताना एका पानावर अचानक नवे पैसे येतात, म्हणजे आपण १ एप्रिल १९५७ ओलांडले. त्यानंतर काही पानांवर प्रत्येक भांड्याचे वजन दोनदा आहे, आधी शेरात आणि खाली बारीक अक्षरात किलोत. नव्या मापावर आजोबांचा भरवसा बसायला बरेच दिवस लागले असावेत. ज्या वहीची पाने स्वतःच आपले साल सांगतात तिच्यापुढे "अंदाजे" लिहावे लागले, कारण सूची करणाऱ्याला मोडी येत नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली गेलेली ही लिपी पुण्याच्या संस्थेलाही बाहेरून आणावी लागते, याचे वाईट वाटते. इतिहासकार वि. का. राजवाडे घरोघरची दप्तरे धुंडाळत फिरले, त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला, १९१० मध्ये याच शहरात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्या परंपरेला तेव्हा मुख्यतः राजकीय पत्रव्यवहार हवा होता. कारागिरांच्या चिठ्ठ्या आता कुठे कोणी मागू लागले आहे, तर त्या वाचणारे संपत चालले आहेत.

तक्रार मी लेखी दिली. सुदैवाने पेटी देण्यापूर्वी भाच्याने प्रत्येक रुमालाची, बांधलेल्या आणि उघडलेल्या स्थितीत, मोबाइलवर छायाचित्रे काढली होती. त्यांच्या आधारे अकरापैकी आठ रुमालांचा क्रम पुन्हा लावता आला; तिघांचा नाही. विभागप्रमुखांनी चूक मान्य केली, सबबी सांगितल्या नाहीत, आणि आत्याला चार दुपारी बोलावून तिने वाचलेला मजकूर ध्वनिमुद्रित करून सूचीला जोडला. गाडी पाठवली, चहा वेळेवर दिला, जिना चढावा लागू नये म्हणून तळमजल्यावर बसवले. आत्या परत आली ती खुशीत. मोडी वाचता वाचता तिने एका मापाच्या कागदावरून, बंबाच्या नळीचा घेर बोटांनी कसा मोजत, हेही सांगितले. ते कोणत्याही कागदावर नव्हते.

वाचनकक्षाबद्दल थोडक्यात: जागा प्रशस्त, फक्त शिसपेन्सिल चालते, पिशवी बाहेर ठेवावी लागते, कागद एका वेळी एकच पेटी. दात्याच्या कुटुंबाला डिजिटल प्रती विनामूल्य मिळाल्या आणि त्या चांगल्या प्रतीच्या आहेत. शनिवारी कक्ष बंद असतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्या पुणेकराला रजा काढूनच आपल्या आजोबांना भेटायला जावे लागते.

आत्याकडे अजून एक पेटी आहे, तिच्या सासरची. ती पुढच्या महिन्यात याच अभिलेखागाराला देणार आहोत. या वेळी प्रत्येक रुमालाच्या गाठीला आत्याच्या हातची, मोडीत आणि खाली बाळबोधीत लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे, आणि गाठ आमच्यासमोरच सोडायची, असे दानपत्रात घातले आहे.