आईसोबत आर्ट थेरपी : आठ महिने, २७ सत्रे

माझ्या आईचे वय ७७ आहे. तिला अल्झायमर असल्याचे निदान चार वर्षांपूर्वी झाले आणि आता आजार मधल्या टप्प्यातून पुढच्या टप्प्याकडे सरकतो आहे. गेल्या आठ महिन्यांत आम्ही मायलेकींनी प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर आर्ट थेरपीची, म्हणजे चित्रकलेच्या माध्यमातून होणाऱ्या मानसोपचाराची, २७ सत्रे केली. आठवड्याला एक सत्र, साधारण ४५ मिनिटांचे, आणि प्रत्येक वेळी टेबलाशी आम्ही दोघीही. सुरुवात करण्यापूर्वी मी बरेच वाचले होते, पण सत्रात नेमके काय घडते, घरी परतल्यावर त्यातले काय उरते आणि काळजी घेणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे सांगणारे फारसे हाती लागले नव्हते. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी अपेक्षांबद्दल. चित्रे काढल्याने गेलेली स्मृती परत येत नाही आणि आजाराचा वेग त्यामुळे मंदावतो असाही पुरावा नाही. तसे आश्वासन देणारे कुणी भेटल्यास सावध राहावे. अल्झायमरमध्ये नुकतेच झालेले बोलणे, घटना आणि नावे यांची स्मृती आधी ढासळते, मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताला जडलेल्या सवयी बऱ्याच उशिरापर्यंत टिकून राहतात. शिवाय प्रसंग विसरला गेला तरी त्यातून उमटलेली भावना काही काळ मागे रेंगाळते. मला समजली तशी आर्ट थेरपी या दोन शिल्लक गोष्टींच्या आधारावर उभी आहे. हे आधी कळले असते तर पहिले दोन महिने प्रत्येक सत्रानंतर मी आईला "आज काय केलंस, आठवतंय का?" असे विचारत राहिले नसते. प्रत्येक वेळी तिचा चेहरा कसनुसा होई आणि सत्रातून आलेला निवांतपणा त्या एका प्रश्नाने मोडून पडे.

याआधी आम्ही दिवसभर सांभाळ करणाऱ्या एका केंद्रात चित्रकलेच्या तासाला जाऊन पाहिले होते. तिथे लहान मुलांची रंगवायची पुस्तके आणि मेणाचे खडू समोर ठेवत आणि रेषेबाहेर रंग गेला की कुणीतरी हात धरून तो आत आणत असे. तिसऱ्या दिवशी आईने पुस्तक बाजूला सारले आणि विचारले, "मी काय शाळेत आहे?" तिचा प्रश्न रास्त होता. विरंगुळा म्हणून रंगकाम चांगलेच आहे, पण ते प्रौढ माणसाच्या मानाला शोभेल असे असावे, आणि त्याला थेरपी म्हणताना विचार करावा. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये रूढ केला; क्षयरोगावर उपचार घेत असताना सॅनेटोरियममध्ये चित्रे काढून त्यांना जे मिळाले, त्यातून ही कल्पना आली. पुढे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. त्यासाठी कला आणि मानसोपचार अशा दोन्ही बाजूंचे शिक्षण लागते, आणि ब्रिटनमध्ये तर रीतसर नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. आपण ज्यांच्याकडे जाणार आहोत त्यांचे शिक्षण काय, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

आमच्या थेरपिस्टनी पहिल्या दोन भेटींत रंग बाहेरही काढले नाहीत. आईच्या डोळ्यांची तपासणी कधी झाली, हाताला कंप आहे का, औषधांच्या वेळा कोणत्या, ती कशाने बिथरते, आयुष्यभर तिचे हात कोणत्या कामात असत, हे सगळे त्यांनी शांतपणे विचारून लिहून घेतले. त्यातूनच सत्राची वेळ सकाळची ठरली, कारण संध्याकाळ होऊ लागली की आईची अस्वस्थता वाढते, आणि हा आजार असलेल्या अनेकांचे तसेच होते. टेबलावर गडद रंगाचे कापड आणि त्यावर पांढरा कागद असे, कारण या आजारात रंगांतला आणि उजेडातला फरक ओळखणे अवघड होत जाते आणि पांढऱ्या टेबलावरचा पांढरा कागद दिसतच नाही. कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के केलेले असत. रंग एका वेळी दोनच आणि तेही बिनविषारी. पाण्याबाबत आम्ही एकदा चुकलो. तिसऱ्या सत्रात ब्रश धुवायचे पाणी काचेच्या पेल्यात होते आणि आईने तो सहज उचलून ओठांना लावला. तेव्हापासून ब्रश पसरट, जड भांड्यात धुतले जातात, ते माझ्या बाजूला असते आणि पिण्याच्या पाण्याचा पेला वेगळ्या रंगाचा असतो. घरी करून पाहणाऱ्यांनी एवढी काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी.

पाच सत्रे आई नुसती बघत राहिली. "मला नाही गं येत, तूच काढ," असे म्हणून ती हात मांडीवर ठेवून बसे आणि मला मनातून वाटे की वेळ वाया चालला आहे. सहाव्या सत्रात थेरपिस्टनी नेहमीच्या कागदाऐवजी हातभर लांबीची अरुंद पट्टी आणि काळ्या शाईचे जाड पेन पुढे केले. आई जवळजवळ ३० वर्षे शिवणकाम करत होती, हे त्यांनी पहिल्या भेटीत टिपून ठेवले होते. आईने डाव्या हाताच्या अंगठ्याने पट्टीची कड दाबली, कापड दुमडून धरावे तशी, आणि कडेपासून बोटभर आत छोट्या छोट्या रेघा ओढू लागली. एक रेघ, तेवढीच मोकळी जागा, पुन्हा एक रेघ. तो धावदोरा होता. पट्टी सरकू नये म्हणून दुसरे टोक मी धरले होते आणि माझ्याही नकळत ते ताणत होते. मान वर न करता आई म्हणाली, "अगं, ओढू नकोस, चुण्या पडतील." त्याच दिवशी सकाळी तिने मला माझे नाव विचारले होते. मला टाके शिकवताना तिचा जो स्वर असे, तोच तो स्वर होता, आणि मी पट्टी सैल सोडली.

त्यानंतर तिचे हात मांडीवर ठेवून बसणे थांबले, पण पुढची वाट सरळ नव्हती. दहाव्या सत्राच्या सुमारास आई माझ्या कागदावर येऊ लागली. मी रेष काढली की ती नेमकी त्याच रेषेवर ब्रश फिरवी आणि माझे चित्र बुजवून टाकी. मला राग आला, आणि तो चेहऱ्यावर दिसलाही असावा. थेरपिस्टनी नंतर समजावले की समोरच्या नमुन्याकडे हात ओढला जाणे आणि त्याच्यावरच रेघ उमटणे हे या आजारात आढळणारे लक्षण आहे. जागेचे भान कमी झाल्यावर डोळा आणि हात यांचा मेळ असा चुकतो, त्यात मुद्दाम काही नसते. पुढच्या वेळी त्यांनी एकच मोठा कागद आम्हा दोघींमध्ये ठेवला आणि आळीपाळीने रेघ काढायला सांगितले. मी एक ओढायची, ती त्यावर किंवा तिला लागून दुसरी ओढायची. ज्याला मी खाडाखोड म्हणत होते त्याचे आमच्यातले बोलणे झाले. तो कागद मी जपून ठेवला आहे.

बोलण्याची पद्धत बदलणे मला सर्वांत जड गेले. आजारी माणसाभोवती दिवसभर परीक्षा चालू असते: हे कोण, आज वार कोणता, गोळी घेतलीस का. मी चित्राच्या टेबलावरही तेच करत होते, "हे काय आहे? झाड आहे का?" थेरपिस्ट कधीही चित्र काय आहे असे विचारत नाहीत. "निळा हवा की पिवळा?" असे दोन पर्याय त्या हातात धरून दाखवतात, किंवा "ही रेघ वरून थेट खालपर्यंत आली" एवढे, जे दिसते तेच, सांगतात. उठसूट "वा, किती छान" म्हणणेही त्या टाळतात, कारण पोकळ कौतुक प्रौढ माणसाला कळते. काही सत्रांत आम्ही चित्र न काढता एका मोठ्या छापील चित्रासमोर नुसत्या बसलो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २००६ मध्ये अल्झायमर असलेल्या व्यक्ती आणि त्यांची काळजी घेणारे यांच्यासाठी एकत्र चित्रे पाहण्याचा उपक्रम सुरू केला आणि त्यानंतर अनेक संग्रहालयांनी असे उपक्रम हाती घेतले. चित्र पाहताना चुकीचे उत्तर नसते, आणि पाहायला हातांची कुशलता लागत नाही. आई एकदा समुद्राच्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गार आहे." दिवसभरातले तिचे ते सर्वांत नेमके वाक्य होते.

एक सत्र मात्र वाईट गेले. जुन्या छायाचित्रांच्या प्रती कापून चिकटवायची कल्पना माझी होती. मामाचे छायाचित्र हाती येताच आईने तो कुठे आहे असे विचारले, आणि मी बेसावधपणे तो गेल्याचे सांगितले. ती बातमी तिने जणू पहिल्यांदाच ऐकली. तो दिवस आणि त्यानंतरची रात्र अत्यंत कठीण गेली. जुन्या आठवणी जागवणे नेहमी सुखाचेच असते असे नाही. कोणती छायाचित्रे टेबलावर यावीत हे थेरपिस्टशी आधी बोलून ठरवायला हवे होते.

आता काळजी घेणाऱ्यांविषयी. तिसऱ्या सत्रापर्यंत मी शेजारी बसून आईपुढे ब्रश धरणे, कागद सरळ करणे आणि सूचना देणे एवढेच करत होते. थेरपिस्टनी माझ्यापुढे वेगळा कागद ठेवला आणि निदान २० मिनिटे आईकडे न बघता स्वतःचे काम करायला सांगितले. सुरुवातीला मला ते स्वार्थीपणाचे वाटले. पण कुणीतरी दुसरे आईकडे लक्ष देत आहे आणि मी तिच्या शेजारी असूनही माझ्यावर काही जबाबदारी नाही, अशी २० मिनिटे मला चार वर्षांत मिळाली नव्हती. काळजीवाहकावरचा ताण मोजण्यासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. तिचे गुण ० ते ८८ असतात आणि गुण जितके जास्त तितका ताण अधिक. पहिल्या भेटीत माझे ५३ गुण आले, सहा महिन्यांनी ४६. त्याच काळात माझा भाऊ आठवड्यातून एक रात्र आईजवळ राहू लागला, त्यामुळे सगळे श्रेय चित्रांना देता येत नाही.

संशोधनाबाबतही स्पष्ट लिहायला हवे. डिमेन्शियामधील (स्मृतिभ्रंश; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) आर्ट थेरपीवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात, निकषांत बसणारे दोनच अभ्यास सापडले, दोन्ही मिळून ६० सहभागी, आणि उपयोग होतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. मी तो वाचूनही सत्रे सुरू ठेवली, कारण मला मोजता येणाऱ्या सुधारणेपेक्षा आईबरोबरचा एक असा तास हवा होता ज्यात ती नापास होणार नाही. ज्यांना औषधासारखा परिणाम हवा आहे त्यांनी मात्र हा निष्कर्ष ध्यानात ठेवूनच वेळ आणि पैसा खर्च करावा.

पाचव्या महिन्यात आईला लघवीच्या मार्गाचा संसर्ग झाला, दोन दिवसांत ती पूर्ण गोंधळली आणि पाच आठवडे सत्रे बंद राहिली. परतल्यावर धावदोरा गेलेला होता. पेन हातात दिले तर ती ते उलटे धरी. मी घरी सगळे कागद तारखेनुसार मांडून बसले आणि रेघा कशा विस्कटत गेल्या ते पाहत रडले. विल्यम उटरमोलेन या चित्रकाराला १९९५ मध्ये अल्झायमरचे निदान झाले आणि त्यानंतरही ते काही वर्षे स्वतःची व्यक्तिचित्रे काढत राहिले. ती चित्रमालिका आजाराचा आलेख म्हणून अनेकदा दाखवली जाते. मीही आईचे कागद तसेच वाचत होते. थेरपिस्टनी मला एवढेच सांगितले की उटरमोलेन यांनी ती चित्रे स्वतः काढायची ठरवली होती, आणि आईच्या चित्रांचा तक्ता करण्याचा निर्णय आईचा नाही.

याच संदर्भात एक तक्रार नोंदवते. जिथे ही सत्रे होतात त्या संस्थेने आईची दोन चित्रे प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर तिच्या नावासह लावली. आम्हाला कुणीही विचारले नव्हते. थेरपीत काढलेले चित्र ही त्या व्यक्तीची खासगी गोष्ट आहे आणि ते कुठे राहील, कोण पाहील हे आधी लेखी ठरायला हवे. सांगितल्यावर चित्रे उतरवली, पण सुरुवातीलाच हे विचारून घ्यावे.

डिमेन्शियाच्या प्रकारानुसार फरक पडतो, तो थोडक्यात लिहिते. ल्युई बॉडी डिमेन्शियात नसलेल्या वस्तू दिसू शकतात आणि माणसाची स्थिती दिवसादिवसाला बदलते, तेव्हा गुंतागुंतीच्या नक्षीने गोंधळ वाढू शकतो आणि ठरलेले सत्र ऐनवेळी रद्द करण्याची तयारी लागते. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात काही जण हाताला येईल ते तोंडात घालतात. तिथे साहित्याची निवड आणखी काटेकोर हवी. आणि ज्यांना चित्रकलेचा मनापासून कंटाळा आहे त्यांच्यावर ती लादू नये, संगीत किंवा बागकामाचा मार्गही खुला असतो.

आम्ही पुढच्या तीन महिन्यांसाठी सत्रे चालू ठेवली आहेत. वेळ २५ मिनिटांवर आणली आहे आणि पेनाऐवजी ओली माती घेतली आहे. आई तिचा गोळा दोन्ही तळव्यांत धरते आणि अंगठ्याने कड दाबत राहते. मी माझा गोळा घेऊन तिच्या शेजारी बसते. गेल्या सत्रात तिने माझ्या हातातला गोळा घेतला, त्याची कड नीट दाबून दिली आणि परत केला.